सहीवाल्यांची सही आणि परदेशी फंड

सहीवाल्यांनी आयुष्यात लोकांचे हजारो कागद परत पाठवले होते. त्यांचा स्वतःचा कागद परत आला तो निवृत्तीनंतरच्या आठव्या महिन्यात, एका मंगळवारी, सकाळचा दुसरा चहा चालू असताना. जाडजूड पाकीट होतं. आत त्यांनीच भरलेला फंडाचा अर्ज होता आणि वर एक पिवळी चिठ्ठी टाचलेली होती: 'अर्जदाराची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळत नाही.'

सहीवाल्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग पाकिटावरचं नाव वाचलं. असला कागद शेजारच्या दंतवैद्यांचाच असणार आणि टपालवाल्याने चुकून आपल्याकडे टाकला असणार, अशी त्यांची खात्री होती. दंतवैद्यांची सही त्यांनी पाहिली होती. तिला सही म्हणणं म्हणजे फार झालं. पण पाकिटावर नाव सहीवाल्यांचंच होतं.

"काय झालं?" त्यांच्या बायकोने विचारलं. सगळी इमारत तिला वहिनी म्हणते, तेव्हा आपणही वहिनीच म्हणू.

"काही नाही," सहीवाले म्हणाले, आणि कप समजून त्यांनी साखरेचं भांडं तोंडाला लावलं.

हा धक्का केवढा होता हे कळायला सहीवाले कोण हे माहीत हवं. बँकेत एकतीस वर्षं ते एकाच टेबलावर बसले आणि त्या टेबलावर काम एकच होतं. चेकवरची सही आणि खातं उघडताना घेतलेली नमुन्याची सही शेजारी-शेजारी ठेवायची, आणि जुळते की नाही ते सांगायचं. म्हणून सगळे त्यांना सहीवाले म्हणत. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. एकदा एक गृहस्थ मोडलेला उजवा हात गळ्यात अडकवून डाव्या हाताने सही केलेला चेक घेऊन आले. सहीवाल्यांनी त्यांना आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं, मग चेक परत दिला. "माणुसकी पाण्यापर्यंत," असं ते हाताखालच्या लोकांना शिकवत. "जुळते की नाही एवढंच बघायचं. का जुळत नाही, हे विचारायचं नाही. कारण ऐकलं की नजर बिघडते."

आणि नेमक्या याच स्वभावापायी ते या फंडाच्या प्रेमात पडले होते.

निवृत्तीचे पैसे खात्यात जमा झाले त्या दिवसापासून इमारतीतल्या प्रत्येकाला त्यांची काळजी वाटायला लागली होती. त्याआधी एकतीस वर्षं कोणाला वाटली नव्हती. दंतवैद्य म्हणाले, जमीन घ्या. वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाई म्हणाल्या, सोनं घ्या, आणि घेतलंत तर मला दाखवा. लिफ्ट दुरुस्त करायला येणारा मेकॅनिक लिफ्टच्या खड्ड्यातून ओरडून म्हणाला, "काका, लिफ्टच्या कंपनीत पैसे टाका! ही बंद पडायची थांबणार नाही, मी लिहून देतो!" एकटे समोरच्या दारातले हवामानकाका काही सांगत नव्हते. ते हवामान खात्यातून निवृत्त झाले होते. "पुढे काय होणार हे मी पस्तीस वर्षं लोकांना सांगितलं," ते म्हणायचे. "लोक अजून मला रस्त्यात थांबवून बोल लावतात. आता मला काहीही विचारू नका."

पण एके दिवशी त्यांनीच एक माहितीपत्रक आणून दिलं. फंड परदेशी शेअरांचा होता, पण ट्रेंड बघून चालणारा. म्हणजे जगभरच्या कंपन्यांचे शेअर तो घेणार, आणि दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी एकच गोष्ट बघणार: आजचा भाव गेल्या दहा महिन्यांच्या सरासरीच्या वर आहे की खाली? वर असला तर आत राहायचं. खाली असला तर सगळं विकून सरकारी रोख्यांत जाऊन गप्प बसायचं. भाव का पडला, कोणता मंत्री काय म्हणाला, कुठल्या तज्ज्ञाला काय वाटतं, याच्याशी फंडाला काडीचं देणंघेणं नाही.

"म्हणजे अंदाज अजिबात नाही?" सहीवाल्यांनी विचारलं.

"नाव नाही. पाऊस सुरू झाला की छत्री उघडायची, थांबला की मिटायची. थोडं भिजणं होतं. पण ढगाकडे बघून भाषण नाही," हवामानकाका म्हणाले आणि त्यांचा आवाज जरा ओला झाला.

सहीवाल्यांना तर गहिवरूनच आलं. जगात कुठेतरी काचेच्या इमारतीत टाय लावून बसलेली मोठमोठी माणसं हुबेहूब आपलंच काम करत होती! जुळतं का, नाही जुळत, चला पुढे. त्यांनी तेव्हापासून एक वही केली. कोणत्या देशाचा शेअर बाजार आपल्या घड्याळाप्रमाणे किती वाजता उघडतो, याचा त्यात तक्ता होता. मग हात बसावा म्हणून त्यांनी पाण्याच्या बिलाची दहा महिन्यांची सरासरी काढली, स्वतःच्या वजनाची काढली, आणि दंतवैद्यांच्या दवाखान्यापुढच्या चपलांची काढली. चपलांचा ट्रेंड खालचा निघाला. ही गोष्ट त्यांनी दंतवैद्यांना मोकळ्या मनाने सांगितली, तेव्हापासून दंतवैद्य जिन्यात बोलेनासे झाले.

या अभ्यासात सात महिने गेले. वहिनी शाळेच्या ग्रंथालयात होत्या. सत्तावीस वर्षं पुस्तकं देणं आणि परत घेणं त्यांनी केलं होतं. एखादी वस्तू फार दिवस एका जागी पडून राहिली की त्यांना अस्वस्थ व्हायचं.

"अहो, पैसे नुसते झोपलेत बचत खात्यात. सगळ्याचे भाव वाढताहेत. आपलं म्हातारपण त्यावर काढायचंय ना? करा काय ते एकदाचं."

"घाई करून चालत नाही. जगाचा प्रश्न आहे."

"जगाचा नाही, आपला आहे. तुम्हाला जमत नसेल तर मी ठरवते."

हे वाक्य सहीवाल्यांना फार लागलं. घरातले पैशांचे व्यवहार लग्नापासून त्यांनी बघितले होते. आणि एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या सह्या जुळवणाऱ्या माणसाचा हा पहिलाच स्वतःचा असा निर्णय होता, कोणत्याही नमुन्याशी न जुळवता घेतलेला. तो बायकोने घ्यायचा? ते ताडकन उभे राहिले आणि हवामानकाकांच्या देखत त्यांनी जाहीर केलं: "या महिनाअखेरपर्यंत पैसे फंडात गेले नाहीत, तर पुढे काय करायचं ते तू ठरव. मी चकार शब्द काढणार नाही!"

वहिनींनी कॅलेंडरकडे बघितलं. सहीवाल्यांनी त्याच दिवशी अर्ज भरला. फंडाने त्यातला पैसे देण्याचा आदेश रीतीप्रमाणे बँकेकडे पाठवला, बँकेने सही तपासली, आणि तो अर्ज असा साखरेच्या भांड्यापाशी परत आला.

चिठ्ठीच्या मागे बँकेचा शिक्का होता आणि शिक्क्यावर दोन अक्षरं. ती अक्षरं सहीवाल्यांनी लगेच ओळखली. ती त्यांच्या शिष्येची होती. निवृत्तीपूर्वी सहा वर्षं त्यांनी जिला शेजारी बसवून हे शास्त्र शिकवलं होतं, आणि जी आता त्यांच्याच खुर्चीवर बसत होती, तिनेच हे केलं होतं.

ते तडक बँकेत गेले.

"सर! या ना," शिष्या उठून उभी राहिली. "बसा. पाणी देऊ?"

पाणी म्हटल्याबरोबर सहीवाले बसता बसता थांबले. पाण्यानंतर काय येतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

तिने संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. डावीकडे नमुन्याची सही होती, ते नोकरीला लागले त्या वर्षीची. पहिलं अक्षर ताठ आणि उंच, मधली अक्षरं छाती काढून चाललेली, शेवटचा फाटा वर भिरकावून दिलेला आणि खाली दोन ठिपके. उजवीकडे परवाची सही होती. तिच्यात उंची नव्हती, फाटा नव्हता, ठिपके नव्हते. मुंग्यांची एक रांग कुठेतरी निघाली होती आणि वाटेत कंटाळून थांबली होती.

"सर, तुम्हीच सांगा," शिष्या हळू आवाजात म्हणाली. "जुळते?"

सहीवाल्यांना 'हो' म्हणायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण एकतीस वर्षांची नजर आडवी आली.

"नाही," ते म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

"मग परत करावा लागतो ना, सर."

"अगं, पण मी इथे समोर बसलोय! जिवंत!"

"माणूस समोर बसलाय म्हणून सही जुळते असं होत नाही, सर. तुम्हीच—"

"मी काय म्हणायचो ते मला माहीत आहे," सहीवाले म्हणाले, आणि पाणी न पिता बाहेर पडले.

पण हार मानतील ते सहीवाले कसले! त्यांनी नमुन्याच्या सहीची छापील प्रत मागून आणली होती. ती जेवणाच्या टेबलावर समोर ठेवून त्यांनी दोनशे पानी वही उघडली आणि गिरवायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी फाटा येईना. दुसऱ्या दिवशी फाटा आला तर ठिपके सटकले. वहिनींनी दोनदा येऊन बघितलं.

"काय चाललंय?"

"स्वतःची सही शिकतोय."

वहिनींनी यावर काही बोलायचं टाळलं, हे त्यांच्या संसाराचं एकंदर रहस्य आहे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सही हुबेहूब आली. सहीवाल्यांनी लागलीच नवा अर्ज भरला, जीभ दातांत धरून सही केली आणि स्वतः नेऊन दिला. महिना संपायला अजून नऊ दिवस होते.

पाच दिवसांनी अर्ज परत आला. यावेळी चिठ्ठी लांब होती: 'सही नमुन्याशी जुळते. परंतु नक्कल केल्याचा दाट संशय आहे.'

सहीवाल्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. नक्कल! ज्यांनी आयुष्यभर नकला पकडल्या, त्यांच्यावर नकलेचा आळ! ते बँकेत शिरले ते कागद फडकवतच.

"सर, रेघ बघा ना," शिष्येचा चेहरा रडवेला झाला होता, पण बोट बरोबर जागी होतं. "हात थांबत थांबत गेलाय. तीन ठिकाणी पेन उचललंय. खरी सही माणूस बघत बघत करत नाही, सर, बेफिकीर करतो. इतकी जपून केलेली सही म्हणजे..."

"म्हणजे चोराची," सहीवाल्यांनी वाक्य पूर्ण केलं. शेवटी ते त्यांचंच वाक्य होतं. मग भान सुटून ते ओरडले, "पण मी माझीच नक्कल केली!"

सगळी रांग वळून बघायला लागली. बारा वर्षं रोज सकाळी त्यांना सलाम ठोकणारा रखवालदार लगबगीने आला, त्याने सलाम केला आणि मग टेबलापासून हलला नाही.

आता या सहीचा कोणताही कागद आला तर दुप्पट कसून तपासावा, अशी नोंद करणं शिष्येला भाग होतं, आणि तिने ती डोळे पुसत केली. एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे नमुन्याची सही बदलून घेण्याचा. त्यासाठी साधा अर्ज असतो. त्या अर्जावर, नियमाप्रमाणे, जुनी सही लागते.

"जुनी सही येत नाही म्हणून तर बदलायची आहे!"

"हो सर."

"मग जुनी सही कुठून आणू? कोणत्या शहाण्याने काढला हा नियम?"

शिष्या छताच्या पंख्याकडे बघत राहिली. पंखा बंद होता. हळूहळू सहीवाल्यांच्या लक्षात यायला लागलं. अकरा वर्षांपूर्वी त्यांनीच एक परिपत्रक काढलं होतं, फार विचार करून, दोन रविवार खर्ची घालून, आणि त्याबद्दल वरिष्ठांनी त्यांना शाबासकीचं पत्र दिलं होतं. ते पत्र त्यांनी फ्रेम करून घेतलं होतं.

घरी येऊन त्यांनी हवामानकाकांना बोलावलं. हवामानकाकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची बँकेतली मंडळी चुकताहेत. पहिल्या सहीशी काय तुलना करता? ट्रेंड बघा. घरातल्या सगळ्या जुन्या सह्या काढा."

दोघांनी माळा उपसला. मुलाची प्रगतिपुस्तकं, भाड्याच्या पावत्या, लग्नाचा दाखला, टीव्हीचं हमीपत्र, जिथे जिथे सहीवाल्यांनी सही केली होती ते सगळं बाहेर आलं. मुलाच्या सातवीच्या प्रगतिपुस्तकावरची सही त्यांची नव्हतीच, हेही या निमित्ताने कळलं. पण मुलगा आता दोन पोरांचा बाप आहे, विषय तिथेच मिटवला. हवामानकाकांनी पट्टीने प्रत्येक सहीची उंची मोजली आणि आलेख काढला. दहा-दहा सह्यांच्या सरासरीची रेघ लाल शाईने ओढली. मग त्यांनी पट्टी बाजूला ठेवली.

"काय?" सहीवाल्यांनी विचारलं.

"ट्रेंड खालचा आहे. तुमची सही बावीस वर्षांपूर्वी सरासरीच्या खाली गेली ती परत वर आलीच नाही. तुम्ही शेअर असता तर फंड तेव्हाच तुम्हाला विकून मोकळा झाला असता."

सहीवाल्यांना हे अगदी वर्मी लागलं.

"हाच वेग राहिला तर नव्वदाव्या वर्षी तुमची सही म्हणजे एक ठिपका असेल," हवामानकाका म्हणाले, आणि लगेच जीभ चावली. "अर्थात, हा अंदाज नाही."

वहिनी भाजी निवडता निवडता आलेखाकडे बघत होत्या. "त्यात काय एवढं? फॉर्मवरचे चौकोन लहान होत गेले, तशी सही लहान होत गेली. मी पहिल्यापासून पुस्तकाच्या कार्डावर बोटभर जागेत सही करतेय, म्हणून ती आहे तशीच आहे."

पण तिकडे कोणाचं लक्ष होतं! सहीवाले आता फंडासाठी लढत नव्हते, ते स्वतःसाठी लढत होते. रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते बाहेर पडत. एक दिवस फोटोचं ओळखपत्र, एक दिवस दोन साक्षीदार, एक दिवस डॉक्टरांचा दाखला की हा माणूस हाच माणूस आहे. दंतवैद्यांकडे दाखला मागितला तर त्यांनी चपलांच्या सरासरीची आठवण काढली, म्हणून दुसरे डॉक्टर शोधावे लागले. या धावपळीत महिना संपला. वहिनींनी कॅलेंडरचं पान उलटलं. सहीवाल्यांनी उलटलेल्या पानावर नव्या महिन्यात कोणाकोणाला भेटायचं ते लिहून काढलं.

शेवटी नव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मॅनेजरची भेट मिळाली. बरोबर आलेख घेऊन हवामानकाका होते. मॅनेजर इतका तरुण होता की सहीवाल्यांच्या पायातले बूट त्याच्यापेक्षा अनुभवी वाटत होते. त्याने आलेख आडवा पाहिला, उभा पाहिला.

"काका, मला सगळं पटतंय. पण परिपत्रक आहे. जुन्या सहीशिवाय नवा नमुना घेताच येत नाही."

"परिपत्रक आणते," शिष्या म्हणाली. तिने फाइल आणली, पान काढलं, टेबलावर ठेवलं. आणि सवयीने तिची नजर सगळ्यात खाली गेली, जिथे सही असते. ती थबकली. तिने सहीवाल्यांचा नमुना काढून शेजारी ठेवला.

"साहेब," तिचा आवाज बदलला होता. "या परिपत्रकाखालची सही जुळत नाही."

सगळे कागदावर वाकले. खरंच जुळत नव्हती. मुंग्यांची रांग अकरा वर्षांपूर्वीच निघाली होती.

"म्हणजे?" मॅनेजरने विचारलं.

"म्हणजे नियमाप्रमाणे हे परिपत्रक सरांनी काढलंय असं म्हणता येणार नाही. आपल्याकडे ते नाहीच असं धरावं लागेल."

मॅनेजरचा चेहरा पांढराफटक पडला. अकरा वर्षं सगळी शाखा एका बेवारशी कागदावर चालली होती. सहीवाले मात्र त्या कागदाकडे बघत राहिले. ज्या म्हाताऱ्या बाईंना त्यांनी या परिपत्रकावर बोट ठेवून चार वेळा परत पाठवलं होतं, त्या डोळ्यांपुढे आल्या. हात कापायचे त्यांचे. दर वेळी सहीवाल्यांनी त्यांना पाणी दिलं होतं. आपण केलं ते फार वाईट केलं, असं त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या वाटलं, आणि ते काही केल्या पुसलं जाईना.

"हे या खोलीबाहेर जायला नको," मॅनेजर घाईने म्हणाला. "ताई, काकांचा नवा नमुना घ्या. आत्ता. ताबडतोब!"

सहीवाल्यांनी सही केली. बुटकी, बिनफाट्याची, पण न बघता आणि बेफिकीर केलेली. शिष्येने ती पाहिली आणि तिच्या तोंडून "वा!" निघून गेलं.

त्या दिवशी तिसरा अर्ज गेला. सहीवाले इमारतीत प्रमुख पाहुण्यासारखे वावरू लागले. जिन्यात भेटेल त्याला थांबवून, आता आपले पैसे कोणकोणत्या देशांत जाणार आणि तिथे आत्ता किती वाजले असतील, हे सांगू लागले. लिफ्टच्या मेकॅनिकला त्यांनी सरासरी म्हणजे काय ते समजावलं. त्याला खड्ड्यातून बाहेर येता येत नसल्यामुळे त्याने ते सगळं ऐकलं. वहिनी हे सगळं बघत होत्या आणि एकदा काहीतरी बोलायला आल्या होत्या, पण सहीवाले तेव्हा एका बाजाराची उघडण्याची वेळ तपासत होते.

सोमवारी पाकीट आलं. तेच फंडाचं, तेवढंच जाड. सहीवाल्यांनी ते उघडलं आणि चिठ्ठी वाचली. पहिलं वाक्य होतं, 'सही जुळते.' ते वाचून ते खुर्चीतून उठले. दुसरं वाक्य होतं, 'खात्यात पुरेशी रक्कम नाही.' ते वाचून परत बसले.

पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय होतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा नीट कळलं. सबंध नोकरीची पुंजी! म्हातारपणाचा आधार! वहिनी बाजारात गेल्या होत्या. सहीवाले एका पायात स्वतःची आणि एका पायात हवामानकाकांची चप्पल घालून बँकेत धावले.

"लुटलं मला!" दारातूनच ते ओरडले. "माझी सही कोणीतरी केली! माझे सगळे पैसे नेले!"

रखवालदाराने सलाम केला आणि या खेपेला दरवाजाही लावून घेतला. मॅनेजर केबिनमधून डोकावला आणि परत आत गेला. शिष्या धावत आली.

"सर, बसा आधी. पाणी—"

"पाणी नको! पाणी अजिबात नको! तो कागद दाखव, मी एका क्षणात ओळखतो चोर."

तिने पडदा वळवला. पैसे पहिल्या तारखेला गेले होते. ते याच फंडात गेले होते. आणि आदेशाखाली एक सही होती, बारीक, गोल, बोटभर जागेत बसवलेली.

"तुमची सही नाहीच आहे, सर. वहिनींची आहे. खातं तुमच्या दोघांच्या नावावर आहे ना?" शिष्येने नमुना शेजारी आणला. सव्वीस वर्षांपूर्वीचा होता. दोन्ही सह्या एकीवर एक ठेवल्या असत्या तर एकच दिसली असती. "इतकी स्वच्छ सही मी दुसरी पाहिलेली नाही. बघताक्षणी पास केली. नव्या लोकांना शिकवायला मी आता हीच दाखवते."

"पण माझ्या सहीशिवाय—"

तिने वहिनींचं नाव खात्यात घालतानाचा फॉर्म काढला. 'व्यवहार कोण करणार' या रकान्यात लिहिलं होतं, 'दोघांपैकी कोणीही एक.' अक्षर सहीवाल्यांचं होतं आणि पुढे त्यांची सही होती, त्या काळातली, फाट्यासकट.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही फक्त सहीबद्दल विचारत होतात, सर."

सहीवाले घरी चालत आले. वाटेत ते स्वतःलाच विचारत होते की इतक्या दिवसांत अर्ज बायकोच्या नावाने भरावा, असं आपल्या मनात एकदाही कसं आलं नाही. याला उत्तर होतं, पण ते त्यांना आवडण्यासारखं नव्हतं. हवामानकाका आपल्या चपलेची वाट बघत दारात उभे होते. सहीवाल्यांचा चेहरा बघून त्यांनी चप्पल न मागताच दार लोटून घेतलं.

वहिनी भाजीची पिशवी रिकामी करत होत्या.

"कळलं वाटतं," त्या म्हणाल्या.

"तू केलंस हे?"

"एक तारखेला. तुम्हीच म्हणाला होतात, महिनाअखेरनंतर तू ठरव म्हणून. फंड चांगलाच आहे, तुम्ही सात महिने बघितलायत. बाजारात जाता जाता फंडाच्या ऑफिसात गेले, अर्ज भरला, सही केली. वीस मिनिटं लागली. त्यात दहा मिनिटं त्यांचं पेन चालत नव्हतं."

सहीवाल्यांनी चकार शब्द काढायचा नव्हता, पण काढला. "मग मला सांगायचं नाही? मी एवढा धावतोय, उन्हातान्हात, दाखले गोळा करतोय..."

वहिनी थांबल्या. "त्याच दिवशी सांगणार होते. पण तुम्ही दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून निघाला होतात. गेले आठ महिने तुम्ही अकरा-अकरा वाजेपर्यंत त्याच बनियनवर बसून असायचात. मला बघवायचं नाही. म्हटलं, जाऊ दे, आठ दिवस आणखी जाऊ देत."

सहीवाल्यांचा राग उभ्या उभ्या ओसरला. ते जेवणाच्या टेबलापाशी बसले. वहिनींनी कपाटातून फंडाची पावती काढून त्यांच्यापुढे ठेवली. ती त्यांनी सवयीने वरपासून खालपर्यंत वाचली. गुंतवणूकदार म्हणून वहिनींचं नाव होतं.

"आणि मी?" त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं. "माझं यात कुठेच काही नाही?"

"असं कसं? खाली बघा की. तुम्हाला नॉमिनी केलंय."

सहीवाल्यांनी पाहिलं. खरंच, शेवटच्या ओळीत त्यांचं पूर्ण नाव छापलं होतं, विजेच्या बिलावर असतं तसं. त्यांनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं आणि पावती स्वतःकडे ओढून घेतली.

"कुठे करू सही?"

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "नॉमिनीची सही लागत नाही."